अण्णांची रविवारची चित्रं

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा सासऱ्यांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ते दगडाचे पुतळे घडवतात. बसवनगुडीतल्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे सकाळी सातला छिन्नीचा आवाज सुरू व्हायचा. हे मराठी कुटुंब कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत इतकं कानडी, की पहिले काही महिने मला निम्मंच कळे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले.

अण्णा आठवडाभर शेडमध्ये असत, पण रविवारी कुणाला सापडत नसत. सकाळचं खाणं झालं की खांद्याला कापडी पिशवी अडकवून सायकलवर निघायचे, ते दुपार कलल्यावर परत.

"कुठे जातात हो?" मी एकदा अक्कांना विचारलं.

"दगड बघायला," अक्का म्हणाल्या. "आठवडाभर दगड फोडायचे आणि सुटीच्या दिवशीही दगडच बघायचे. वीस वर्षं हेच चाललंय."

मग एकदा अक्कांनी माझ्या साड्यांसाठी एक पत्र्याची ट्रंक रिकामी करून दिली. तळाला घातलेला जाड कागद झटकायला म्हणून मी उचलला आणि उलटला. दुसऱ्या बाजूला एक तळं होतं. जलरंगातलं. काठावर काळे गुळगुळीत धोंडे, पलीकडे माडांची रांग, आणि पाण्यावर सकाळचं असं कोवळं ऊन, की मी ट्रंकेपाशी तशीच बसून राहिले. त्याखाली आणखी एक निघालं.

"अगं, ते अण्णांचे जुने कागद," अक्का म्हणाल्या. "टाकून देणार होते. जाड आहेत, म्हणून मी ठेवून घेतले. स्वयंपाकघरात फळीवर पण आहेत बघ."

फळीवर खरंच होते. एका टेकडीच्या माथ्यावर लोणच्याच्या बरणीचा तेलकट गोल उमटला होता, आणि खरं सांगायचं तर तो चंद्रासारखा शोभत होता.

शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. ही चित्रं काय तोलाची आहेत, एवढं मला कळत होतं. कागद घेऊन मी थेट शेडमध्ये गेले. अण्णांनी हातोडी खाली ठेवली.

"दगडावर काम करून हात बधिर होतात," ते जरा ओशाळून म्हणाले. "रविवारी त्यांना स्वल्प हलकं काम देतो. त्यात दाखवण्यासारखं काय आहे?"

पण मग त्यांनी कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली. त्यात पेन्सिलीची आणि जलरंगातली शंभराच्या वर चित्रं होती.

पुढे काही महिन्यांनी म्युझियममधले एक अधिकारी घरी आले. त्यांना अण्णांच्या मूर्तींचं प्रदर्शन भरवायचं होतं. शेडमध्ये हिंडून त्यांनी एकेका मूर्तीला हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. म्युझियममधला रिकामा हॉल वरच्या मजल्यावर होता आणि जिना लाकडी.

"एवढं वजन जिना पेलणार नाही," ते म्हणाले.

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे 'ठीक'. त्यांना वाईट वाटलं होतं, हे त्या एका शब्दात कळलं.

मी कॉफी घेऊन उभी होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "चित्रं चालतील का?"

अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण पाहुण्यांनी "कुठली चित्रं?" म्हणून विचारलंच. आम्ही पेटी आणून सगळं जमिनीवर पसरलं. त्यांची कॉफी गार झाली.

पुढचा महिना आम्ही दोघांनी चित्रं निवडण्यात घालवला. मला आवडलेलं प्रत्येक चित्र अण्णा नको म्हणून बाजूला काढत आणि मी ते पुन्हा निवडलेल्या ढिगात सरकवत असे.

प्रदर्शनाच्या दिवशी अक्का रेशमी साडी नेसून आल्या. म्युझियमची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. आमचा दूधवालाही आला होता, धुतलेलं धोतर नेसून. तो मूळचा सर्जापूर रोडवरच्या एका खेड्यातला. एका मोठ्या चित्रासमोर तो थबकला आणि कानडीत ओरडला, "ही तर आमच्या गावची केरे!"

केरे म्हणजे तळं, एवढं मला तोवर कळू लागलं होतं. आम्ही कौतुकानं पाहत होतो, तेवढ्यात त्यानं मान हलवली. "पण चुकलंय. तो मोठा धोंडा डावीकडे आहे. आम्ही लहानपणी त्याच्यावरूनच उड्या मारायचो."

अण्णा चित्राजवळ गेले, वाकून पाहिलं, आणि हसत सुटले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं. मीच हलवला तो. पाण्याच्या आड येत होता. शेडमध्ये एक दगड सरकवायचा तर अर्धी गल्ली बोलवावी लागते. इथे ओला ब्रश घेतला आणि एकट्यानं उचलून ठेवला!"

सगळे हसले. दूधवाला सगळ्यांत जास्त. मग तो येणाऱ्या प्रत्येकाला त्या चित्रापाशी नेऊन धोंड्याची खरी जागा दाखवू लागला.

अक्का मात्र दिसेनात. शोधायला गेले, तर हॉलच्या टोकाला त्या एकेक चित्र सावकाश पाहत उभ्या होत्या. अण्णा माझ्या मागोमाग आले.

"इतक्या सुंदर जागी जात होतात?" अक्कांनी विचारलं. "मला वाटायचं, कुठल्या तरी खाणीत जाता आणि चित्रं मनानंच काढता."

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी बोलावलंत?"

अण्णांनी बोटांवरचे घट्टे चोळले. मग म्हणाले, "या रविवारी येतेस? बसनं जाऊ."

म्युझियमनं त्यांतली पाच चित्रं कायमची ठेवून घेतली. त्याचा आनंद झालाच, पण मला त्याहून तो रविवार जास्त आठवतो. आम्ही दोघी आणि अण्णा सर्जापूरच्या बसमध्ये बसलो. अक्कांच्या मांडीवर चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबा होता. तळ्यावर पोचल्याबरोबर त्यांनी चपला काढल्या आणि लहान मुलीसारखे पाण्यात पाय सोडले.

अण्णांनी कागद मांडला. थोड्या वेळानं अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पाणी एवढं निळं नाहीये," त्या म्हणाल्या.

"बरं."

"आणि यात माणसं का नसतात?"

अण्णांनी ब्रश लाल रंगात बुडवला आणि काठाशी टेकवला. तांदळाएवढा ठिपका उमटला.

"हे काय?"

"तू."

"एवढीशी?"

"तळं केवढं मोठं आहे बघ की!"

अक्का पुन्हा वाकल्या, तो ठिपका नीट निरखून पाहिला आणि पदरात तोंड लपवून हसल्या. पुढे म्युझियमवाल्यांनी ते चित्रही मागितलं होतं. अक्कांनी दिलं नाही.