मिक्सरची फाईल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी साताऱ्यात माझं कंट्रोल पॅनेल बनवायचं वर्कशॉप होतं. पलूसजवळच्या एका पशुखाद्य कारखान्याला मी यंत्रं चालवणारा छोटा संगणक बसवून दिला. वहीएवढा बोर्ड आणि त्याच्या खाचांत उभी बसवलेली चार कार्डं. पुण्याच्या एका इंजिनिअरशी घासाघीस करून आणलेला.

त्या बोर्डाची एक तऱ्हा होती. त्याच्या लेखी दिवा, मोटर असं काही नव्हतंच, सगळ्या फाईली. प्रत्येक कार्डाची एक फाईल. तिच्यात एक लिहिलं की कार्डाला जोडलेलं यंत्र चालू, शून्य लिहिलं की बंद. दुसरी फाईल दिव्याची, चौथी मिक्सरची. गिऱ्हाइकासमोर मी नुसता आकडा लिहून छपराचा दिवा लावायचो. त्यावरच निम्मा सौदा पटायचा.

खंडेनवमीला कामगारांनी यंत्रं पुसून पुजली. बोर्डही यंत्रच. कार्डं काढून पुसली, कडेला हळदकुंकू लावलं आणि तारांसकट परत बसवली.

दसऱ्यानंतर कारखाना सुरू करून द्यायला मी गेलो. जुने फिटर, फौजेतून निवृत्त झालेले, मिक्सरच्या लोखंडी पोटात उतरून पात्यांवर वाळलेली मळी खरवडत होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते आत आहेत हे मला माहीत होतं. मला फक्त दिवा लावून बघायचा होता.

दुसऱ्या फाईलीत एक लिहिलं. दिवा लागला नाही. पॅनेलमध्ये खाडकन आवाज झाला आणि मिक्सर घरघरला.

शून्य लिहायला गेलो तर बोट भलत्याच बटणावर पडलं. पुन्हा लिहिलं. घरघर थांबली, पण आतून काहीच आवाज येईना. शिडी समोर होती, पण वर चढून आत डोकावायची हिंमत होईना. काय दिसेल, आणि मामांच्या घरी कोण जाऊन सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"कोन हाय रं त्यो बटनावर?" आतून आवाज आला.

"मी आहे, मामा."

"आवं, मग हात मागं घ्या की. पाय अडाकलाय माजा."

पात्यात गुंतलेली पँट कापून त्यांना बाहेर काढलं. नडगी सोलली होती, हाड शाबूत होतं. त्यांना पाणी दिलं, नडगीवर पट्टी बांधली.

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, फाईलींचे नंबर खाचांच्या क्रमानं पडतात, कार्डं अदलाबदल झाली की फाईलीही बदलतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. सगळ्यांना म्हणे. भाव करायला अख्खी दुपार समोर बसला होता, तेव्हा हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. मी इतका ओरडलो की बूथवाला उठून आला. तो राग अजून उतरलेला नाही.

पूजेनंतर मिक्सरचं कार्ड दुसऱ्या खाचेत बसलं होतं. कार्डं पूर्वीच्या खाचांत बसवली, मुख्य स्विच पाडून सगळी वीज बंद केली. तेव्हा पट्टी बांधलेले मामा लंगडत आले आणि खरवडणी माझ्यापुढे धरली.

"निम्मं ऱ्हायलंय. आता तुमी उतरा."

हे माझं काम नाही, असं ओठांवर आलं होतं. उतरलो. स्विच मीच पाडला होता, त्याच्याजवळ मामा उभे होते. तरी बाहेर कुठं पत्रा वाजला की माझा हात थांबायचा.

"भ्या वाटतंय व्हय?" मामांनी बाहेरून विचारलं.

"वाटतंय."

"मग बरं हाय. खरवडा."