बसवलेलं उत्तर

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर खोडरबराचा भुगा असतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण ९.८ यायला हवं, म्हणून मोजलेले आकडे खोडून सोयीचे लिहायचे. याला आम्ही ‘रीडिंग बसवणं’ म्हणतो.

काल माझी जोडीदार सुनंदा ९.४ वर अडली.

“बसव की गं! जर्नलवर सही नाही मिळाली तर परीक्षेलाही बसता येणार नाही.”

“नाही तर नाही. मोजलंय ते खोडणार नाही.”

मी माझी वही मिटून घेतली. निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावे जमवणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं वाटत फिरते, आणि माझ्या वहीत ९.८ केव्हाच बसवलेलं होतं.

सुनंदाने पुन्हा मोजलं. पुन्हा ९.४. चूक इतकी नेमाने येते, तेव्हा ती नुसती चूक असते का? की आपण न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं? लंबक आपला शांतपणे झुलत होता.

“अगं, आपण नुसता दोरा मोजला!” ती ओरडली. “लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते!”

तिने ९.८ हे नवं उत्तर ९.४ च्या खाली लिहिलं. सरांनी दोन्ही वाचून सही केली. मग माझी वही ओढली.

“तुझं पहिल्याच फटक्यात ९.८? लांबी कुठपर्यंत मोजलीस?”

“दोऱ्याच्या टोकापर्यंतच, सर,” मी म्हणाले.