धुतलेल्या काचा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सोलर सेलच्या काचा धुणाऱ्या आक्काशी मी खोटं बोललो, आणि जाणूनबुजून बोललो.

बेळगावातल्या कॉलेजात आम्ही पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे सोलर सेल करतो. काचेवर द्रावणाचा पातळ थर चढवायचा, तापवायचा, बस्स. सिलिकॉनपेक्षा स्वस्त. पण आमच्या दमट हवेत तो काळा थर दोन दिवसांत पिवळा पडतो, सेल मेला. खालची वीज वाहणारी काच मात्र महाग. म्हणून मी डोकं चालवलं: थर द्रावकात धुऊन काढायचा, काच पुन्हा वापरायची. धुणार कोण? झाडलोटीला जवळच्या मच्छे गावाहून येणारी आक्का. त्या थरात शिसं असतं आणि तो द्रावक ते कातडीतून आत नेतो. चांगले हातमोजे होते, पण संपतील म्हणून ते फक्त विद्यार्थ्यांना. कुलपात.

"सर, हळद हाय का काय ही? बोटं लगीनघरातल्यागत झाल्यात."

"तसलंच कायतरी गं आक्का. साबणानं धू म्हणजे झालं."

"ह्या वयात हळद लावताय व्हय मला!"

ती हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज ओकारी येते.

तिच्या हातांना त्या द्रावकाचा, नासक्या मासळीसारखा वास. त्याच हातांनी ती दुपारी भाकरी मोडायची, एक तुकडा माझ्यापुढं धरायची. "जेवलोय," म्हणायचो. दोन वर्षं रोज जेवलोय. तिनं खाल्लेलं मात्र बघत बसायचो.

काचा पुन्हा वापरून खर्च कसा कमी केला, हे मी परिषदेत सांगितलं. टाळ्या पडल्या. स्वस्त म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

पुढं तिचं पोट दुखायला लागलं, हातातली भांडी निसटायला लागली. तिनं काम सोडलं. शिशानंच झालं का, ठाऊक नाही, तपासलंच नाही. गेल्या महिन्यात मी सांगायचं ठरवून मच्छेला गेलो. तिनं दोन्ही हातांनी कप धरून चहा दिला आणि शेजारणीला म्हणाली, "लई भला माणूस. फरशी पुसायला लावली न्हाय कधी, बसून काचा धुवायचं हलकं काम दिलं."

मी चहा प्यालो आणि परत आलो. किळस चहाची नव्हती.

ते शिसं होतं, मला माहीत होतं, हे तिला तिच्या तोंडावर सांगायचं आणि तिला घेऊन रक्ताच्या तपासणीला जायचं, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.