काचकारखान्यामागची पायवाट

आमच्या वहिनीबद्दल गल्लीत दोन मतं होती. काहींच्या मते ती भारी धीराची, आणि बाकीच्यांच्या मते तिच्या डोक्यावर परिणाम झालेला. मी तिची नणंद, त्याच घरात वरच्या खोलीत राहते, पण माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्ही बाजूंना चार शब्द ऐकवले असते.

वहिनी कपडे दुरुस्त करते. नवीन शिवत नाही. पँटची चेन बदलायची, कमर सैल करायची, वाढत्या पोरांच्या गणवेशाची दुमड उसवून लांबी सोडायची, असली कामं. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. पण ती बसायची रस्त्याकडे पाठ करून, तोंड घराच्या मागच्या दाराकडे. ते दार कायम उघडं. अशा बसण्याने तिच्याच अंगाची सावली सुईवर पडायची. डोळे बिघडतील म्हणून मी घसा फोडायची, तर ती म्हणायची, "सवय झालीय गं." गिऱ्हाइकं बिचारी तिच्या पाठीशी बोलत उभी राहायची.

मागच्या दाराबाहेर मोकळं मैदान होतं आणि त्यापलीकडे काचकारखाना. माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, तिथे भट्टीवर कामाला होता. पाळी सुटली की मैदानातल्या पायवाटेने सरळ घरी. एका संध्याकाळी तो कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, पहारेकऱ्याशी हवापाण्याचं बोलला, पायवाटेला लागला आणि घरी पोचला नाही. घरात भांडण नव्हतं, बाहेर लफडं नव्हतं. पोलिसांनी नाले धुंडाळले, दवाखाने पालथे घातले. त्याचा डबासुद्धा मिळाला नाही.

मग कारखाना बंद पडला. मैदानात कमरेइतकं गवत माजलं, काटेरी झुडपं आली, फुटक्या काचांचे ढीग त्यात बुडाले. पायवाट तेवढी जशीच्या तशी राहिली. फाटकापासून आमच्या मागच्या दारापर्यंत उघडी, मातकट, गवताचं पातं नाही.

ही गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं. पोरांचा चेंडू पलीकडे गेला तर पोरं पायवाटेवरून उडी मारून जायची, तिच्यावर पाय द्यायची नाहीत. शेजारणीची चादर वाऱ्याने उडून तिच्यावर पडली, तर ती आणायला तिने वहिनीला पाठवलं. मी औषधांच्या दुकानात काम करते, असल्या भाकडकथांवर माझा विश्वास नाही. पण खरं सांगते, मीही कधी तिथे पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी वरच्या खिडकीतून तिकडे बघत राहायची. वाटायचं, गवत उगवत नाही म्हणजे कोणीतरी चालतंय. भीती वाटायची, आणि भीतीच्या पोटात आशा. दादा कसल्याही रूपात येत असेल तरी मला चालणार होता.

अशात मास्तरांनी बातमी आणली. हे मास्तर निवृत्त झाल्यापासून गल्लीलाच वर्ग समजतात. पडीक जमिनीवर रहिवाशांनी मिळून झाडी उभी करायची ठरवली तर सरकार अनुदान देतं, रोपं देतं, कुंपणाची जाळी देतं. अट इतकीच की मंडळ स्थापायचं, झाडं इथल्या मातीतली लावायची आणि तीन वर्षं जगवून दाखवायची. मास्तरांनी आठवड्यात मंडळ स्थापलं. गल्लीला हुरूप आला. एरवी नळावरून एकमेकांच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका सावलीच्या गप्पा मारू लागल्या.

अनुदान खात्याची एक तरुण बाई पाहणीला आली. लांबलचक टेप घेऊन दिवसभर मैदानात उन्हात हिंडली, म्हणून तिचं नाव पडलं टेपवाली. संध्याकाळी वहिनीच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. टेपवाली पाणी प्यायली आणि मुद्द्यावर आली.

"जागा छान आहे. अडचण एकच. त्या पायवाटेमुळे जमिनीचे दोन तुकडे होतात. तुकडे लहान भरतात, त्यांना अनुदान बसत नाही. जमीन सलग पाहिजे. पायवाट बंद करून तिच्यावरही झाडं लावावी लागतील."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

"आणि एक," ती म्हणाली, "त्या पायवाटेवर तुमच्या घराचा जुना हक्क आहे. तो तुम्ही सोडलात तरच." हे ती वहिनीकडे बघून म्हणाली.

वहिनीच्या मांडीवर कोणाचीतरी पँट होती. ती ब्लेडने शिवण उसवत होती आणि तिचा हात थांबला नाही. माझाच तोल गेला.

"कडेने न्या ना पायवाट! मधूनच झाडं कशाला पाहिजेत तुम्हाला?"

"कडेने नवी करता येईल ताई. ही मात्र बंद करावी लागेल."

"ही बंद होणार नाही," मी म्हणाले. "माझा भाऊ या पायवाटेने येतो."

येतो म्हणाले. यायचा म्हणायचं होतं. टेपवाली बिचारी बाहेरची, तिला काही कळलं नाही. बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. वहिनीने दातांनी दोरा तोडला, पँट बाजूला ठेवली आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन अबोला धरायला अंगात बळ लागतं, ते माझ्याकडे भरपूर आहे. दुकानात गोळ्यांची पाकिटं कापताना मनात तिला बोलत राहायची. दादा परत आला तर कुठून येणार? पुढच्या रस्त्याची तर आता ओळखही पटत नाही, घरं पाडून नवी बांधलीत. त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट उरली होती आणि हिने एका सहीत ती देऊन टाकली. उसवण्यात हात बसलाय, दुसरं काय!

रोपं आली. लावणीच्या दिवशी सगळी गल्ली मैदानात उतरली. रोपवाटिकेचा माळी बरोबर आला होता. काचा वेचून झाल्या, खड्डे झाले, उन्हं चढायच्या आत दोन्ही बाजू भरल्या. थट्टामस्करी चालली होती, मास्तर खड्ड्यात पाय मुरगळून बसले होते. पायवाट तेवढी कोरडीच राहिली. तिच्या कडेने काळ्या पिशव्यांतली रोपं रांगेत ठेवलेली आणि सगळ्यांना एकदम तहान लागलेली.

मग वहिनी आली. हातात पहार. ती पायवाटेच्या मधोमध उभी राहिली आणि तिने घाव घातला. पहार उडाली. पुन्हा घातला, पुन्हा तेच. माती फुटेना. माळी पुढे झाला, वाकून त्याने मातीवर हात फिरवला.

"ही जमीन दाबली गेलीय," तो म्हणाला. "आणि जुना नाही हा दाब. इथून रोज कोणीतरी चालतंय."

त्या माणसाला काय माहीत आपण काय बोललो ते. शेजारणीने लेकराला उचलून छातीशी धरलं. एक म्हातारा काहीतरी पुटपुटायला लागला. मी तर मटकन खाली बसले. दादा, एवढंच तोंडातून निघालं.

"मी चालते," वहिनी म्हणाली.

कोणालाच आधी समजलं नाही.

"मी चालते रोज. पहाटे, तुम्ही उठायच्या आधी. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्यांदा शोधायला जायची. मग गवत यायला लागलं. म्हटलं, गवत माजलं तर तो फाटकातून बघेल आणि त्याला वाटेल, ही आपल्याला विसरली."

तापात, आजारपणात, पाण्यापावसात, ती रोज गेली होती. वर झोपलेल्या मला पत्ता नाही. अख्खी गल्ली ज्याला घाबरून उड्या मारत होती ती ही माझी वहिनी होती, झिजलेल्या चपला घातलेली. माणसं सुटल्यासारखी हसली, कोणी टाळी दिली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी खिडकीतून ज्याची चाहूल घेत होते तो तिथे कधीच नव्हता. दादा माझ्यापुरता त्या क्षणी गेला, भर उन्हात, सगळ्या गल्लीदेखत.

मी उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. अबोला विसरले.

"एवढी राखलीस, तर मग दिलीस का?"

तिने घाम पुसला. कारखान्याच्या फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, दार उघडं आहे. पायवाट मोकळी आहे. त्याला अडवायला मधे काहीच नाही, आणि तरी तो येत नाही. हे मी रोज सकाळी त्या फाटकाशी उभी राहून बघते. आता झाडी होऊ दे. चांगली दाट होऊ दे. मग तो नाही आला, तर मला म्हणता येईल, झाडांमुळे नाही आला."

मी तिच्या हातातली पहार घेतली आणि खणायला लागले.