माझ्या छतावरचं ऊन

आमचं गाव सिलतऱ्याच्या कारखान्यांना लागून आहे. छतावरच्या सोलर पॅनेलवर रोज काजळी बसते, म्हणून मी सकाळी आधी पॅनेल धुते, मग चहा घेते. दुपारी ड्यूटीला रायपूरला जायचं असतं. तोवर स्कूटर पूर्ण चार्ज व्हायलाच हवी.

शेजाऱ्याकडेही पॅनेल आहेत, बॅटरीची स्कूटरही आहे. तरी तो खांद्यावर वायर टाकून स्कूटर चार्ज करायला माझ्याच अंगणात येतो. कशालाही "हव दीदी" म्हणतो. तोंडावर नाही म्हणणारा माणूस परवडला. याचा मला भरवसा वाटत नाही.

"तुमच्या छतावर ऊन पडत नाही काय?" मी विचारलं.

"पडते नं दीदी. पण काजळी लय बसून राहिली, करंटच येत नाही."

"मग धुवा नं! काल तुमच्यापायी माझी गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली."

"हव दीदी. उद्या सकाळीच धुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीचा आवाज आला. सुधारला म्हणायचा, असं वाटून मी बाहेर आले. पँट दुमडून तो माझ्याच छतावर बसला होता आणि माझेच पॅनेल मन लावून घासत होता. खाली त्याची स्कूटर माझ्या प्लगला लागलेली होती.