दारातली चप्पल

गावी, निलंग्याच्या घरात काल दुपारी मी सवयीनं कडी लावून आडवा झालो. पाच मिनिटांत शेजारच्या गंगाबाई दार वाजवत आल्या. "काय झालं रे? दिवसाढवळ्या कडी का लावलास?"

माझ्या वडिलांनी, आप्पांनीही असंच विचारलं होतं, सतरा वर्षांपूर्वी, कॅनडातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी राहायला आले तेव्हा. तिथलं जड दार आपोआप बंद व्हायचं. सकाळी पूजा झाली की कपाळाला विभूती लावून आप्पा त्या दारात आपली एक चप्पल अडकवायचे आणि समोर खुर्ची टाकून बसायचे. कुणीतरी जाता जाता डोकावेल म्हणून. बाहेरून फक्त कपडे धुण्याच्या साबणाचा वास यायचा.

मग इमारतीच्या ऑफिसातून तक्रारीची चिठ्ठी आली. मला कामाला उशीर होत होता. "आप्पा, हितं असं चालत न्हाई," म्हणत मी ती चप्पल पायानंच आत ढकलली आणि निघालो. मागं दार धप्पकन लागलं.

संध्याकाळी आलो, तर आप्पा त्याच खुर्चीत बसलेले, दोन्ही चपला पायात. उभ्या जन्मात ज्यांनी घरात चप्पल घातली नाही, ते आप्पा. गालिचा खराब होतो म्हणून मी चिडलो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारा माणूस असाच बसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्यांचं परतीचं तिकीट चार महिन्यांनंतरचं होतं.

गंगाबाई गेल्यावर मी दार सताड उघडं ठेवून पडलो. झोप येईना. शेवटी उठलो आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशी हळूच कडी लावली.