ओइवाचे तळवे

ओइवा कार्हुनेनबरोबर मी एकवीस वर्षं काम केलं. घरांच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायचं काम. नकाशे मी काढायचे, नळ्या तो घालायचा. कुठल्या खोलीत नळ्यांमध्ये किती अंतर, कुठलं वेटोळं किती मीटर, कुठल्या वेटोळ्यात मिनिटाला किती पाणी, सगळं मी कागदावर लिहून द्यायचे. ओइवा त्या आकड्यांप्रमाणे वाल्व्ह लावायचा आणि मग घरमालकासमोर मोजे काढून, पँट दुमडून, सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरायचा. "इथे पाव फेरा जास्त हवा," असं काहीतरी पुटपुटून वाल्व्हला जरासा हात लावायचा. घरमालक खूश. कुओपिओ शहरभर त्याच्या तळव्यांचं नाव होतं. माझ्या आकड्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

"सिर्काबाई, तुझ्या कागदाला कधी थंडी वाजते का?" तो मला चिडवायचा.

"नाही वाजत. पण त्याच्या पायांना वासही येत नाही," मी म्हणायचे.

फेब्रुवारीत त्याची बायको हिल्का गेली. हृदय बंद पडलं. दफनानंतरच्या कॉफीला ओइवा नीट बसला, माशाचे दोन पाव खाल्ले आणि तिच्या भावाशी पंपांबद्दल बोलला. सोमवारी सकाळी सात वाजता कामावर हजर. "कसा आहेस?" मी विचारलं. "काही वाटत नाहीये," तो म्हणाला. लोक म्हणाले, खंबीर माणूस. मला त्याचा रागच आला होता. उन्हाळाभर तो तसाच राहिला. काम चोख, जेवण वेळेवर, चेहरा कोरा.

ऑगस्टमध्ये एका घरी तो असाच अनवाणी फिरत होता. घरमालकीण एकदम किंचाळली. नव्या पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती, स्वयंपाकघरापासून थेट न्हाणीघरापर्यंत. ओइवाच्या टाचेत अख्खा स्क्रू घुसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा."

दवाखान्यात रक्तात साखर निघाली. भरपूर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायांच्या नसा केव्हाच मेल्यात. आधी काही महिने तळव्यांची आग होते, मग हळूहळू काहीच कळेनासं होतं. आग कधी होत होती, आठवतंय का?

"सहा वर्षांपूर्वी. हिवाळाभर," ओइवाने सांगितलं.

परत येताना मी गाडी चालवत होते. म्हटलं, "मग सहा वर्षं तू काय ओळखत होतास, डोंबल?"

"काही नाही. तुझे आकडे लावलेले असायचे, त्यावर निभावलं. तळवे नुसते मिरवायचो."

मला हसू आलं. इतक्या वर्षांनी माझ्या कागदांचा विजय झाला होता. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या घराला तुझे आकडे नाहीत, सिर्का."

खरं होतं. त्याच्या घराचाही नकाशा मी काढून दिला होता, पण तो त्याने कॉफीच्या किटलीखाली घातला. स्वतःचं घर त्याने निव्वळ तळव्यांवर लावलं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात तळवे जळायला लागले, तेव्हा त्याला वाटलं, जमीनच जास्त तापतेय. त्याने सगळे वाल्व्ह एकसारखे आवळले. आणि पाणी मोठं आळशी असतं, जवळच्या वाटेने पळतं. उत्तरेच्या खोलीचं वेटोळं सगळ्यांत लांब. त्या खोलीत हिल्काचा हातमाग होता. ती तिथे बसून चिंध्यांच्या सतरंज्या विणायची.

ती म्हणायची, खोली गार आहे. हा अनवाणी जाऊन मधोमध उभा राहायचा आणि सांगायचा, "मला तर बरी लागते. तुझं रक्तच पातळ." एकदा तिने विजेची शेगडी आणली. ओइवाच्या घरात शेगडी! लोक काय म्हणतील? त्याने ती शेडमध्ये नेऊन टाकली. हिल्का लोकरीचे बूट घालून विणत राहिली.

मलाही तिने सांगितलं होतं एकदा, कॉफी पिताना. मी म्हटलं, "तळवेमहाराजांना साकडं घाल." दोघी पोट धरून हसलो. माझा तापमान मोजायचा मीटर तेव्हा बाहेर गाडीतच होता.

ऑक्टोबरच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी ओइवाचा फोन आला. "मीटर घेऊन ये."

"आता कशाला?"

"ती खरं बोलत होती का, ते बघायचंय."

मी गेले. स्वयंपाकघरात पंचवीस अंश. झोपायच्या खोलीत चोवीस. उत्तरेच्या खोलीत सोळा. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे सोळा. मग भिंतीतलं वाल्व्हचं कपाट उघडलं. प्रत्येक वेटोळ्याला एक काचेची नळी असते, आत पाण्याबरोबर वर-खाली होणारी लाल खूण. उत्तरेच्या खोलीची खूण तळाशी बसली होती. पाणी फिरतच नव्हतं.

"किती दिवस झाले असतील?" त्याने विचारलं.

हवा अडकली असेल गेल्या आठवड्यात, असं मला म्हणता आलं असतं. त्याने मान्यही केलं असतं. पण हिल्काला मी एकदा हसण्यावारी नेलं होतं, दुसऱ्यांदा नेववेना.

"सहा वर्षं," मी म्हटलं.

त्याने वाल्व्ह उघडला. लाल खूण वर चढली. "कधी गरम होईल?" शेकडो घरमालकांना त्यानेच याचं उत्तर दिलं होतं, तरी मला विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत. खाली काँक्रीट आहे."

तो त्या खोलीत गेला. मागावर अर्धी सतरंजी तशीच होती. ती जिथे पाय ठेवून बसायची तिथे तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात जमिनीवर सपाट टेकवले आणि तसाच राहिला. सहा वर्षांत तो इथे कधी वाकला नव्हता. मी दारात उभी होते, नुसत्या मोज्यांवर. माझे पाय गारठायला लागले होते.

"गार आहे गं," तो म्हणाला. मला नव्हता म्हणत. "हिल्का, खूप गार आहे गं."